ओटीपी येत नाही, पेमेंट अडकतं, कधी पैसे पण कटतात: नेमकं कुठं बघायचं

आधीच सांगते, मी काही कॉम्प्युटरवाली नाही. मी नाशिकला सिडकोत राहते, घरून केक करते, आणि बोर्ड, उंच डबे, सिलिकॉनचे साचे, नोझल असलं सगळं ऑनलाईन मागवते, कारण रविवार कारंजाला जाऊन यायचं म्हणजे अख्खी दुपार जाते आणि तिथे हवी ती साईज असेलच असं नाही. तर पेमेंट अडकणं हा माझा ठरलेला कार्यक्रम झाला होता, सात-आठ महिने. दर वेळी मी साईटला शिव्या घातल्या, कस्टमर केअरला घातल्या, वायफायचा डबा बंद-चालू केला, फोन फ्लाईट मोडवर टाकून काढला आणि शेवटी नवऱ्याच्या कार्डावरून ऑर्डर केली. कारण काय हे कधी शोधलंच नाही. आता सापडलंय आणि ते इतकं बावळट आहे की सांगायची लाज वाटते, पण सांगते, माझ्यासारख्या बऱ्याच जणी असणार.

लक्षण असं होतं: महिना-दीड महिना सगळं छान, कार्ड टाकलं की ओटीपी हजर, आणि मग अचानक आठ-दहा दिवस काहीच नाही. परत आपोआप चालू. मला वाटायचं सेल लागलाय, लोड असेल. पावसाळ्यात वाटायचं लाईट गेली म्हणून टॉवर गंडला. शेवटी एकदा दुपारी, दोनच्या आत ऑर्डर केली तर शुक्रवारी डबे येणार होते आणि रविवारी चार केक द्यायचे होते, म्हणून मी त्या ओटीपीच्या पानाकडे टक लावून बसले, घड्याळ उलटं पळतंय, आणि तेव्हा पहिल्यांदा ती बारीक अक्षरातली ओळ वाचली. ओटीपी पाठवला आहे, मग फुल्या फुल्या फुल्या आणि शेवटी ६३.

माझ्या नंबरच्या शेवटी ६३ नाहीच! ६३ म्हणजे माझं जुनं सिम. ते फोनच्या दुसऱ्या खणात पडलेलं असतं, मुलाच्या शाळेच्या ग्रुपला तो नंबर दिलाय म्हणून ठेवलेलं, आणि त्याचा रिचार्ज मी आठवण आली की मारते. रिचार्ज संपला की आधी आउटगोइंग जातं, मग काही दिवसांनी इनकमिंग पण जातं, मेसेजसकट. पण व्हॉट्सअॅप वायफायवर चालूच राहतं त्यामुळे सिम मेलंय हे कळत नाही. बँकेत खातं उघडलं तेव्हा तोच नंबर दिला होता, नंतर नवा घेतला, सगळ्यांना कळवला, बँकेला सोडून.

तेव्हा ओटीपी आला नाही की सगळ्यात आधी ते शेवटचे दोन-तीन आकडे वाचा. रिसेंड नंतर. नंबर आपलाच असेल तर प्रश्न सिमचा किंवा फोनचा, नंबर दुसराच असेल तर बँकेत जायचं, आणि पानावर कुठलाच नंबर दिसत नसेल किंवा ओटीपीचं पान येण्याआधीच नापास झालं तर मामला वेगळा, त्याचं पुढे सांगते.

आमच्या जाऊबाईंचं तर त्याहून भारी. त्यांच्या खात्याला भाऊजींचा नंबर, कारण खातं उघडलं तेव्हा त्यांच्याकडे स्वतःचा फोनच नव्हता. आणि भाऊजी अंबडला कंपनीत, फोन गेटवर जमा. म्हणजे ओटीपी बरोबर वेळेवर येतो, फक्त लॉकरमध्ये येतो. त्या बिचाऱ्या दोन वर्षं संध्याकाळी साडेपाचनंतरच खरेदी करतात आणि त्यांना वाटतं सगळेच तसं करतात.

त्याच नंबरचं सिम बदलून घेतलं, हरवलं म्हणून डुप्लिकेट काढलं किंवा ईसिम केलं तर पहिले २४ तास त्यावर मेसेज बंद ठेवतात, तुमच्या नावावर दुसऱ्या कोणी सिम काढून खातं धुऊ नये म्हणून. त्यामुळे सिम बदललं त्या दिवशी खरेदीला बसूच नका, डोकं उठेल. आणि डीएनडी लावलंय म्हणून ओटीपी येत नाही असं जे सांगतात ते खरं नाही, डीएनडी जाहिराती अडवतं, बँकेचा ओटीपी नाही. मात्र फोनचं मेसेजचं अॅप स्वतःच्या अक्कलेने काही मेसेज स्पॅममध्ये टाकतं, तिथे एकदा डोकावून या, माझ्या मैत्रिणीचे अर्धे ओटीपी तिथे निवांत पडलेले होते.

आता मुख्य गोष्ट. मला हे कळल्यापासून माझी निम्मी चिडचिड कमी झाली. ओटीपीचं ते पान दुकानाचं नसतं. दिसतं त्याच साईटवर पण असतं तुमच्या बँकेचं. तुम्ही दुकानात पे दाबलं की ते जातं पेमेंट गेटवेकडे, म्हणजे दुकान आणि बँक यांच्यातल्या मधल्या कंपनीकडे, तिथून रुपे किंवा व्हिसा किंवा मास्टरकार्डकडे, तिथून तुमच्या बँकेकडे, आणि ओटीपी बनवते बँक, पाठवते बँक, तपासते पण बँकच. म्हणजे सिडकोतून नाशिकरोडला निघालो, वाटेत द्वारका चौकात अडकलो आणि नाशिकरोडवाल्याला फोन करून भांडतोय असं आपलं चाललेलं असतं. त्याला द्वारकेचं काय माहीत. दुकानाच्या कस्टमर केअरवरचा मुलगा बिचारा कॅशे क्लिअर करा, अॅप अपडेट करा एवढंच सांगू शकतो, कारण ओटीपी पाठवायचं बटण त्याच्याकडे नाहीच. मी त्या मुलांना जे जे बोलले त्याबद्दल आता जरा वाईट वाटतं. जरा.

कार्डाचे आकडे टाकून वर ओटीपी, हे दुहेरी तपासणीचं प्रकरण आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने ऑनलाईन कार्डासाठी ऑगस्ट २००९ पासून सक्तीचं केलंय. परदेशातल्या काही साईटवर नुसता कार्ड नंबर आणि मागचे तीन आकडे टाकले की पैसे जातात, ओटीपी नाही काही नाही, आणि लोकांना वाटतं वा काय सोय. सोय चोराला पण तेवढीच असते ना.

बरं, ओटीपीचं पान आलंच नाही आणि सरळ लाल अक्षरात डिक्लाईन आलं तर बहुतेक वेळा कार्डाचं ऑनलाईनचं बटण बंद असतं. हे कोणी सांगत नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून नियम असा आहे की नवीन कार्ड येतं तेव्हा ते फक्त देशातल्या एटीएमला आणि दुकानातल्या मशीनला चालतं, ऑनलाईन वापर आपण स्वतः चालू करायचा, आणि जी जुनी कार्डं कधीच ऑनलाईन वापरली नव्हती त्यांचं पण ऑनलाईन बंद झालं. माझा मावसदीर निफाडचा, द्राक्षवाला, ऑक्टोबरला गोडी छाटणीच्या धामधुमीत त्याचा फवारणीचा पंप गेला, पार्ट ऑनलाईन मिळत होता, कार्ड चालेना. पाच वेळा टाकलं. खात्यात पैसे, एटीएमला कार्ड चालतंय, पिंपळगावला दुकानात मशीनवर घासलं तरी चालतंय, फक्त ऑनलाईन नाही. त्याने ठरवूनच टाकलं की साईट फ्रॉड आहे. मी बँकेच्या अॅपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये जायला लावलं, तिथे ऑनलाईनचं बटण बंद, खाली मर्यादा शून्य रुपये. चालू केलं, मर्यादा दहा हजार ठेवली, दोन मिनिटांत पार्टची ऑर्डर गेली. बटण चालू करून मर्यादा शून्यच ठेवणारे पण महाभाग आहेत, मी त्यातलीच एक, त्यामुळे दोन्ही बघा. परदेशी साईटवरून मागवायचं असेल तर इंटरनॅशनलचं बटण वेगळं असतं, ते कामापुरतं चालू करा आणि लगेच बंद करा.

त्याच्या मळ्यात दुसरी भानगड अशी की वायफाय आहे पण मोबाईलची रेंज नाही, त्यामुळे साईट उघडते आणि ओटीपी काही येत नाही, मग हा गडी ओटीपीसाठी फोन घेऊन टाकीवर चढतो. बऱ्याच बँका ओटीपी ईमेलवर पण पाठवतात, फक्त बँकेकडे ईमेल नोंदलेला पाहिजे, आणि काही बँका आता त्यांच्या अॅपमध्येच मंजूर करा असं विचारतात, मेसेजची भानगडच नाही. रिझर्व्ह बँकेचे नवे नियम १ एप्रिल २०२६ पासूनचे आहेत, त्यांचा रोख हाच, की एसएमएसच्या ओटीपीशिवाय दुसरे मार्ग पण वापरा. तुमच्या बँकेच्या अॅपमध्ये तशी सोय असेल तर चालू करून ठेवा, टाकीवर चढायला नको.

आता रिसेंडबद्दल, कारण इथे सगळेच चुकतात. ओटीपी आला नाही, रिसेंड दाबलं, नाही आला, परत दाबलं, आणि मग एकदम तीन आले धडाधड, वरचा कुठला खालचा कुठला कळेना. नवा ओटीपी निघाला की जुना बाद झाला, आणि आपण घाईत पहिला आलेला टाकतो. चुकीचा. परत चुकीचा. तीन-चारदा चुकला की बँक कार्ड काही वेळासाठी ऑनलाईन बंद करते आणि मग आपण म्हणतो बघा आता कार्ड पण खराब झालं. तर एकदा दाबा, पूर्ण एक मिनिट थांबा, आणि आलेल्या मेसेजमधली रक्कम बघून टाका. रक्कम बघायची सवय लावाच, त्यात पुढे फायदा आहे.

जुना फोन असेल तर अजून एक. ओटीपी वाचायला मेसेजमध्ये गेलो आणि परत आलो की पेमेंटचं पान रिफ्रेश होऊन सगळं सुरुवातीपासून. हे नेटचं नाही, फोनची मेमरी कमी असते म्हणून तो मागचं पान सोडून देतो. उपाय एवढाच की बाहेर जायचंच नाही, वरून पट्टी खाली ओढून तिथल्या तिथे आकडे वाचायचे, आणि त्याआधी मागची उघडी अॅप सगळी बंद करायची. सासऱ्यांच्या फोनवर हे केल्यावर त्यांचा वर्षभराचा प्रॉब्लेम मिटला. फोन बदलायला निघाले होते.

सेव्ह केलेल्या कार्डाचं थोडक्यात सांगते: १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांना आपला कार्ड नंबर साठवता येत नाही, त्याऐवजी टोकन असतं, म्हणजे कार्ड नंबराच्या जागी दिलेला बदली नंबर, आणि बँकेने नवं कार्ड पाठवलं की जुनं टोकन कधी चालतं कधी मरतं. तिथे फक्त तारीख बदलायच्या मागे लागू नका, कार्ड काढून टाका आणि नव्याने भरा.

मग लोक म्हणतात कशाला कार्डाच्या नादी लागता, यूपीआय करा, पिन टाकला की झालं. बरोबर आहे, आता मी पण तेच करते जास्त. पण त्याची पण नाटकं आहेत. यूपीआय फोनमध्ये सुरू करताना तुमच्या बँकेत नोंदलेल्या सिमवरून एक मेसेज आपोआप बाहेर जातो, त्यावरून त्यांना कळतं की सिम याच फोनमध्ये आहे. आता माझं ते ६३ वालं सिम, रिचार्ज नाही, आउटगोइंग बंद, मेसेज जाणार कसा? व्हेरिफिकेशन फेल, व्हेरिफिकेशन फेल. मी अॅप तीनदा काढून टाकलं होतं त्यापायी. दोन सिम असतील तर तिथे सिम विचारतात, ते नीट निवडा. आणि नवा फोन घेतला, यूपीआय नव्याने चालू केलं की पहिले २४ तास साधारण ५,००० रुपयांच्या वर जाऊ देत नाहीत, ही बिघाडी नाही, मुद्दाम केलेलं आहे. दिवाळीच्या आदल्या दिवशी नव्या फोनवरून फ्रीज घ्यायला बसाल तर फ्रीज मिळणार नाही.

गंमत बघा, नोटा छापायची प्रेस आमच्या नाशिकरोडला, आणि आम्ही इकडे साडेचारशे रुपयांच्या डब्यांसाठी रात्री अकरा वाजता सहा आकडी नंबराची वाट बघत बसलेलो.

आता सगळ्यात दुखरं. पैसे कटले, ऑर्डर नाही. पहिला नियम, लगेच परत पेमेंट करू नका. मी केलं होतं, दोनदा, आणि मग दोन ऑर्डर आल्या, घरात अजून ऐंशी बोर्ड पडलेत. दहा-पंधरा मिनिटं थांबा, बँकेच्या स्टेटमेंटमध्ये बघा आणि दुकानाच्या माय ऑर्डर्समध्ये बघा, दोन्हीकडे. बँकेतून गेलेत आणि ऑर्डर नाही तर तो व्यवहार अधांतरी आहे, आणि त्यासाठी रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे: कार्डाने ऑनलाईन किंवा यूपीआयने दुकानाला पैसे देताना खात्यातून कटले पण दुकानाकडे पोचल्याचं कळलं नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत बँकेने आपणहून परत टाकायचे, आणि उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई. ते १०० रुपये मागायला सुद्धा लागू नयेत असं त्यात आहे, पण मागा. मी फोनवर परिपत्रकाची तारीख सांगितली तेव्हा पलीकडचा आवाज एकदम मॅडम झाला. मात्र दुकानाला पैसे पोचले आणि नंतर दुकानाने ऑर्डर रद्द केली तर तो रिफंड, त्याला हा नियम नाही, त्यासाठी दुकानाच्याच मागे लागायचं, आणि दाद देत नसतील तर ग्राहक हेल्पलाईन १९१५.

बँकेला फोन करण्याआधी यूपीआयचा तो १२ आकडी व्यवहार क्रमांक, तारीख, वेळ आणि रक्कम कागदावर लिहून घ्या. नुसतं माझे पैसे गेले म्हणून रडलं की ते तिकीट पण काढत नाहीत. तक्रार क्रमांक घ्याच. ३० दिवसांत काही झालं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार फुकट करता येते, माहिती हवी असेल तर १४४४८ वर फोन.

आणि इथे एक खड्डा आहे, नीट बघून चाला. पैसे अडकले की आपण घाईघाईत गूगलवर अमुक दुकानाचा कस्टमर केअर नंबर असं शोधतो, आणि वर जो पहिला दिसतो तो लावतो. आमच्या बिल्डिंगमधल्या रिटायर काकांनी तसाच लावला. बाराशे रुपये अडकले होते. समोरचा अतिशय गोड मराठी बोलणारा, काका रिफंड टाकतो, फक्त हे अॅप घ्या, म्हणजे मला तुमची स्क्रीन दिसेल. मग म्हणे रिफंड यायला यूपीआय पिन टाका. अठ्ठावीस हजार गेले. पैसे यायला पिन कधीच लागत नाही, जायलाच लागतो, हे काकांना माहीत होतं हो, पण बाराशेच्या वैतागात डोकं चाललं नाही. नंबर घ्यायचा तो दुकानाच्या अॅपमधून आणि बँकेचा कार्डाच्या मागून. असं कोणाचं झालंच तर तासाभराचा पण विचार न करता १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा आणि त्याच वेळी बँकेला सांगा, जितक्या लवकर सांगाल तितके पैसे मध्येच अडवायची शक्यता जास्त. काकांनी दुसऱ्या दिवशी मुलाला सांगितलं, लाज वाटली म्हणून.

मला याच्यात दोष काकांचा कमी वाटतो. दारात रोज डिलिव्हरीवाली पोरं येतात, ताई ओटीपी सांगा, आपण सांगतो, गॅसवर दूध ठेवलेलं असतं, मेसेज न वाचता आकडे ओरडतो. तोही ओटीपी आणि बँकेचाही ओटीपी, नाव एकच, एक सांगायचा आणि एक मेलं तरी सांगायचा नाही. म्हणून म्हणलं मेसेजमधली रक्कम बघायची सवय लावा. रक्कम लिहिलेली असेल, बँकेचं नाव असेल, कार्डाचे शेवटचे आकडे असतील तर तो आकडा कोणाला द्यायचाच नाही, मग समोर कोणी का असेना.

तर माझं काय झालं. ६३ वर आधी सगळ्यात स्वस्त रिचार्ज मारला, तासाभरात ओटीपी यायला लागले, ऑर्डर केली. नंतर सोमवारी आधार, पॅन आणि पासबुक घेऊन बँकेत गेले, नंबर बदलायचा फॉर्म भरला, सही जुळत नाही म्हणून परत भरला, तीन दिवसांनी बदलला. ६३ लगेच सोडू नका बरं का, कारण बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्याला देते आणि मग तुमचे बँकेचे मेसेज त्याच्याकडे जायला लागतात. आधी बँक, आधार, गॅस, विमा सगळीकडे बदलायचं, मग सिम सोडायचं. माझं अजून विम्याचं राहिलंय.

आणि परवा सासूबाई म्हणाल्या माझ्या कार्डावर कुठला नंबर आहे गं. बघितलं. लँडलाईन. त्यांना घेऊन उद्या बँकेत, साडेदहाच्या आत, नाहीतर रांगेचं टोकन मिळत नाही.